पाठमोरा वाटा

गंगाराम सरांनी पत्र्याचा डबा हलवला आणि मुलांना एकेक करून पुढे बोलावलं. मुलं चिठ्ठी उचलत, उलगडत, आपापल्या जागी जाऊन बसत. मैत्रीला भारत आला. बंडूला नॉर्वे. शेवटी रंजिताची पाळी आली, तेव्हा सरांनी अंगठ्याखाली दाबून धरलेली चिठ्ठी हळूच डब्यात सोडली.

रंजिताने ती वाचली आणि पुन्हा घडी घातली.

"सर, अमेरिका नको. दुसरी द्या."

"दुसरी उरलीच नाही."

"मग बंडूशी बदलते."

"देश असा बदलून मिळत नाही. आपल्याला तरी कुणी विचारून दिलाय?"

मुलं हसली. रंजिता हसली नाही.

दिवाळे या खाडीकाठच्या कोळ्यांच्या गावातल्या समाजमंदिरात सर निवृत्त झाल्यापासून रविवारी सकाळी मुलांची सभा भरवत. प्रत्येकाने एका देशाच्या वतीने बोलायचं, आणि असं बोलायचं की त्या देशाच्या माणसाने ऐकलं तर मान डोलवावी. गावातली मोठी माणसंही येत आणि प्रश्न विचारत. अवघड बाजू हुशार मुलाकडे द्यायची, ही सरांची जुनी पद्धत होती. अंगठ्याचं मात्र कुणाला माहीत नव्हतं. बंडू बोलताना अडखळायचा. त्याच्यापुढे डबा आला की अवघड चिठ्ठी नेहमीच अंगठ्याखाली असे. त्यात आपण त्याची काळजी घेतो, असंच सरांना वाटे.

या वेळचा विषय होता, परदेशी मालावर कर असावा का.

सगळे गेल्यावर रंजिता मागे राहिली.

"आई मला घरात घेणार नाही, सर. तिकडे कोळंबीवर कर वाढला तेव्हापासून तळोज्याच्या कंपनीची गाडी बायकांना कोळंबी सोलायला न्यायला आठवड्यातून तीनच दिवस येते. आई बाकीचे दिवस नुसती बसून असते. आणि मी त्यांची वकिली करू?"

"ज्याचा राग येतो त्याचं म्हणणं आधी नीट ऐकावं," सर म्हणाले. "राग कुठे पळून जात नाही. बाहेर थांबतो."

ती चार दिवस रोज संध्याकाळी सरांकडे आली. पहिल्या दिवशी वही उघडलीच नाही. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "सर, तिकडेही कोळी असतात?"

"असतात. दक्षिणेच्या किनाऱ्यावर कोळंबीच धरतात."

"मग ते काय म्हणतात?"

"शोध," सर म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

रविवारी समाजमंदिर भरलं. रंजिताची आई, सरस्वती, दाराजवळ बसली होती. लेक उभी राहिली तेव्हा तिने पदर सावरला आणि नजर खाली केली.

"मी अमेरिका," रंजिता म्हणाली. आवाज स्वच्छ होता. "तुम्हाला माझी विमानं आणि जहाजं दिसतात. माझ्या किनाऱ्यावरचा एक माणूस दिसत नाही. त्याची बोट बांधून ठेवलीय. बाहेरून स्वस्त कोळंबी येते, त्याच्या कोळंबीला गिऱ्हाईक नाही. तो भीक मागत नाही. तो म्हणतो, माझ्या दारात मला आधी उभं राहू द्या."

सरस्वतीने मान वर केली. दोन वर्षांपूर्वी बाहेरच्या मोठ्या बोटी खाडीच्या तोंडाशी जाळी टाकू लागल्या, तेव्हा तिचा नवरा शिवा गावाच्या बैठकीत हेच बोलला होता. याच शब्दांत. रंजिता तेव्हा त्याच्या शेजारी बसली होती.

टाळ्या पडल्या. "अमेरिकेला कुणाचा प्रश्न?" सरांनी विचारलं.

सरस्वती उठली.

"अमेरिकाबाई," ती म्हणाली, आणि सभेत खसखस पिकली. "तुमच्या कोल्याचा मना पटला. पन आमच्याकडं बोट मासली घेवून आली का मावऱ्याचे वाटे घालतान. वाटे घालनारा मंग पाठ करून उभा ऱ्हातो. दुसरा येकेका वाट्यावर हात ठेवतो, इचारतो, यो कुनाचा? तो न बघता नाव घेतो. मंग कोनाला बोलाया जागा नाय. तुमी वाटेपन घातले, नावांपन तुमीच घेतली, आनि तोंड वाट्यांकडंच. त्यो कसा काय?"

रंजिताने सरांकडे पाहिलं. सर मांडीवरच्या डब्याकडे पाहत होते.

मग ती म्हणाली, "आमची नजर सरळ आहे, असं आम्हाला वाटतं. म्हणून पाठ फिरवायची गरज वाटत नाही."

"सगल्यांनाच तसा वाटता," सरस्वती म्हणाली आणि खाली बसली.

कुणाचं बोलणं पटलं, यावर हात वर करून मतं घेतली. अमेरिका पहिली आली. सरस्वतीनेही हात वर केला होता.

"बापाचा बोलना चोरलास," ती लेकीला म्हणाली.

"त्यांना विचारून घेतलं."

"मना नाय इचारलास?"

"तू नाही म्हणाली असतीस."

सरस्वतीने तिच्या डोक्यात टपली मारली. दोघी निघाल्या, तेवढ्यात सरांनी हाक मारली.

"सरस्वतीबाई, जरा थांबा. पुढच्या सभेच्या चिठ्ठ्या आहेत."

सरांनी डबा सतरंजीवर उपडा केला, घड्या घातलेल्या चिठ्ठ्या बोटाने फिरवून एका ओळीत लावल्या. अंगठ्याखाली काही नव्हतं. मग ते उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"हात ठेवा," ते म्हणाले.

मुलं एकमेकांकडे बघू लागली. सरस्वतीला क्षणभराने उमगलं. ती वाकली आणि पहिल्या चिठ्ठीवर तळहात ठेवला.

"यो कुनाचा?"

"मैत्रीचा."

"आनि यो?"

भिंतीवरच्या नकाशाचा कोपरा सुटला होता. सरांनी तो दाबून धरला.

"बंडूचा."

बंडूने चिठ्ठी उलगडली.

"अ... अमे... अमेरिका," तो म्हणाला.

सर वळले नाहीत. तो चिठ्ठी बदलून मागेल म्हणून ते थांबले. मागून वहीचं पान फाटल्याचा आवाज आला, मग पेन्सिलीचा. बंडू लिहायला बसला होता.

"पुढचा," सर म्हणाले.