साहेबाला चिखलात बसवणाऱ्या पडावाचं गाऱ्हाणं

मी पडाव बोलतोय, खाडीतून माल वाहणारी नाव. महाडच्या काठावर, सावित्रीच्या पाण्यापासून चार हात वर, ओंडक्यांवर चढवून ठेवलाय तोच मी. येणारे-जाणारे माझ्याकडं बोट दाखवून म्हणतात, "हाच तो! यानंच साहेबाला चिखलात बसवला." बसवला तर बसवला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बसवीन. पण आज मी बढाई मारायला तोंड उघडलेलं नाही. आज माझ्या जिवावर बेतलंय, आणि ते कसं हे सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल. घाईत असाल तर निघा. पण मग उद्या माझं काही बरंवाईट झालं तर हळहळू नका.

माझा जन्म याच काठावरचा. साग पोलादपूरच्या वरच्या रानातला. तो माझ्या मालकानं, हैबती तांडेलानं, कसा मिळवला ते विचारू नका. रानातल्या शिपायाची बायको त्या साली हैबतीच्या जुन्या नावेनं माहेरी फुकट जात-येत होती, एवढंच सांगतो. मला घडवलं कुशाबा सुतारानं. तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटली होती आणि तोंडात सुपारी नि डोक्यात गर्व, दोन्ही भरपूर. माझी शेवटची फळी ठोकून झाल्यावर तो म्हणाला होता, "हैबतीबाबा, हा पडाव बुडाला तर माजं नाव कुशाबा नाय." तो काही बदललेला नाही. आता फक्त सुपारी चावत नाही, कारण दात नाहीत.

हैबतीची दोन पोरं, महिपत आणि चांगू, माझ्याच फळ्यांवर रांगली. बाणकोटाकडून मीठ, नारळ, कौलं घेऊन वर यायचं आणि महाडहून तांदूळ, हिरडा, लाकूडफाटा घेऊन खाली जायचं, हा आमचा धंदा. माणसंही बसत. माणसांची एक गंमत मी तेव्हापासून बघतोय. काठावर उभं राहून सगळे नावेची किंमत करतात, "जुनी झाली, डुगडुगते" म्हणतात. एकदा आत बसले आणि पाणी खोल झालं की तेच लोक माझी कड दोन्ही हातांनी अशी धरतात, की नव्या नवरीनंही नवऱ्याला धरलं नसेल.

हैबती गेला. आगबोटी होत्याच, त्यात मोटार लॉऱ्या आल्या. वर सागाच्या काडीला हात लावायचा तर सरकारी परवाना. माझा पठाण, म्हणजे आम्हा नावांचा कणा हो, मागच्या अंगाला कुजला. दोन फळ्या भुसभुशीत झाल्या. महिपतनं रॉकेलच्या डब्याचा पत्रा ठोकला, त्यावर डांबर फासलं. व्यापाऱ्याचं मीठ एकदा माझ्या पोटात विरघळून गेलं, आणि मग माल येईनासा झाला. एका पडावावर दोन भावांचं भागेना. धाकटा चांगू मुंबईला गिरणीत गेला. जाताना त्यानं माझ्या सुकाणूवर हात ठेवला आणि मान फिरवली. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

महिपतनंही ठरवलं होतं, की दुरुस्ती झाली नाही तर मला फोडून सरपण करायचं आणि आपणही मुंबई धरायची. बायको तुळसा मात्र ऐकेना. "नदी सोडून ऱ्हायचं तर मला आधी हितंच बुडव," असं ती सरळ म्हणायची. तुळसाच्या तोंडाला महाडचा बाजार घाबरतो, तिथं महिपतची काय कथा!

अशात एक दिवस दत्तोपंत वकील काठावर आले. धोतर एका हातात उचलून धरलेलं, दुसऱ्या हातात वर्तमानपत्र. दिल्लीच्या कायदेमंडळात तेव्हा देशी जहाजांचं बिल गाजत होतं आणि दत्तोपंतांना त्याचा ताप चढला होता. "महिपतराव, परक्यांच्या आगबोटी आपला किनारा गिळतायत! ज्या देशाला स्वतःची नाव बांधता येत नाही, तो देश दुसऱ्याच्या काठावर उभा असतो!" वाक्य छानच होतं. पाणी पायाला लागताच पंत दोन पावलं मागं सरकले, ही गोष्ट वेगळी.

मग मुद्द्याची गोष्ट आली. मुंबईहून एक साहेब खाडीतल्या नावा पाहायला येणार होता. ज्या नावा दुरुस्तीला आल्यात, त्यांना सरकारी रानातला साग मिळायचा होता. पंतांनी खटपट करून माझं नाव पुढं घातलं होतं. "साहेब दिवाळीनंतर येतील. तुमचा पडाव त्यांना दाखवायचा आहे," एवढं सांगून ते गेले.

इथंच घोटाळा झाला. आमच्याकडं पाहुणा येणार म्हटलं की आधी अंगण सारवतात, मग पाहुण्याचं नाव विचारतात. मुंबईचा साहेब येणार, आणि त्याच्यापुढं फाटका पडाव ठेवायचा? महिपतच्या जिवाला ते पटेना. "पावन्याम्होरं फाटकं लुगडं नेसून कोन जातं काय?" तो म्हणाला. कुशाबाला तर फार झोंबलं. "माज्या हातचा पडाव कुजला, ह्ये साहेब मुंबईत सांगनार? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हैपत. तू बघ फकस्त!"

आणि म्हाताऱ्यानं काय केलं म्हणता! चुना आणि तेल मळून लुकण केलं, माझी सगळी भोकं बुजवली, पत्रा काढून तिथंही लुकणच लिंपलं. वर निळा रंग. कडेला गेरूचा पट्टा. नाकाशी दोन डोळे काढले, तेही काजळ घातल्यासारखे. आळीतल्या बायांनी झेंडूची माळ आणली, केळीचे खुंट बांधले. मुलगी दाखवायचा कार्यक्रम असावा तसा मी नटून बसलो. वरून कीर्तन, आतून तमाशा!

तुळसा बाजारातून आली आणि डोक्यावरची पाटी खाली न ठेवताच ओरडली, "अरं, काय केलात ह्ये? वैद्य यायचा तर कोन आजाऱ्याला बाशिंग बांधतं काय रे?"

"तू गप गो," महिपत म्हणाला. "चार मानसांत इज्जत हाय आपली."

"इज्जतीचा पठान घालनार हायेस काय त्याला?"

पालथ्या घड्यावर पाणी. रंग ओला होता, म्हणून ती मला टेकलीसुद्धा नाही.

साहेब आला. तो गोरा नव्हता, आपल्यातलाच होता, पण टोपी गोऱ्याची होती आणि मराठी गोऱ्यासारखी जपून बोलायचा. माणूस वाईट नव्हता. माझ्याभोवती फिरला, काठीनं दोन ठिकाणी टकटक केलं. नेमकं जिथं लाकूड होतं तिथंच. मी मनात ओरडत होतो, अहो, जरा डावीकडं! अजून डावीकडं!

"नाव छान ठेवली आहे," साहेब म्हणाला. "कुठवर जाते?"

"मुंबैपतूर, साहेब!" महिपतनं छाती काढून ठोकून दिलं. मी बाणकोटाच्या पुढं कधी गेलो नव्हतो. कुशाबा बाजूला उभा राहून मिशीला पीळ देत होता.

"उत्तम. मग हिला लाकडाची गरज नाही. लाकूड मोडक्या नावांसाठी आहे."

असं म्हणून साहेब वळला. महिपतनं खरं सांगावं तर चार माणसांत खोटारडा ठरणार, न सांगावं तर सरपण. पंतांनी तोंड उघडलं आणि भलतंच बोलून बसले, "साहेब, देशी कारागिरीचा हा नमुना आहे, नमुना!" कुशाबा खूश झाला. मला मात्र पाचर बसली.

तेवढ्यात तुळसा पुढं आली. "साहेब, तुमची लाँच दासगावला उभी हाय ना? भरती भरलीय. आमच्याच पडावातून सोडताव तुमाला."

महिपतनं तिच्याकडं असं पाहिलं, की डोळ्यांनीच हात जोडले. पण साहेब हरखला होता. "वा! जरूर."

मला पाण्यात लोटलं. साहेब मधल्या फळीवर, पंत त्यांच्या शेजारी, महिपत सुकाणूवर, तुळसा पाटी घेऊन पुढं. कुशाबाही चढला, आपल्या हातची नाव कशी चालते हे त्याला साहेबाच्या तोंडून ऐकायचं होतं.

आता खरं सांगतो. मला ते लुकण पोटाशी दाबून दासगावपर्यंत नेता आलं असतं कदाचित. जन्मभर तेच करत आलो होतो. पण त्या दिवशी म्हटलं, पुरे. काठावरचं दादली गाव मागं पडलं आणि मी अंग सैल सोडलं.

आधी लुकणाचा एक गोळा सुटला, मग दुसरा. पाणी बुडबुड करत आलं. साहेबाचे बूट भिजले. त्यानं खाली पाहिलं. "हे पाणी?"

"सकाळी धुतलाय पडाव, त्याचं हाय," महिपत म्हणाला.

पाणी घोट्याला आलं. "अजून धुणं चालू आहे का?" साहेबानं विचारलं. पंत फळीवर चढून उभे राहिले आणि भीतीनं त्यांचं भाषण आपोआप सुरू झालं, "ज्या देशाला स्वतःची नाव..." पुढचं वाक्य त्यांना आठवेना. कुशाबा धोतराचा सोगा भोकात कोंबत होता. झेंडूची माळ आत तरंगत होती.

मी दुष्ट नाही हो. कुणाला बुडवायचं माझ्या मनात नव्हतं. ओहोटी लागली होती, कडेला गाळ दिसत होता. महिपतनं सुकाणू वळवलं आणि मी मुकाट्यानं त्या गाळात जाऊन रुतलो. हिसका बसला. साहेब टोपीसकट खाली उडाला आणि चिखलात मांडी घालून बसला. जेवायला पाटावर बसावं तसाच!

साहेब उठला तो लालबुंद होऊन. "ही नाव? ही मोडीत काढा! आजच फोडा हिला!"

महिपत रडायलाच आला. पण तुळसा गुडघाभर चिखलात त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. हात कमरेवर. "साहेब, मोडक्या नावंला लाकूड हाय, असं तुमीच म्हनलाव ना? मग आता तुमी कशातनं पडलाव? आनि ही मोडकी नाय, तर मोडकी कशी आसते ती तरी दावा आमाला."

साहेबानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या नाकावरच्या डोळ्यांतलं काजळ ओघळून पार खाली आलं होतं. आणि मग तो माणूस हसायला लागला. चिखलात उभा राहून, पोट धरून हसला. कुशाबा एकटाच हसला नाही. त्यानं डोक्याचं मुंडासं काढून साहेबाचे बूट पुसायला घेतले आणि हळूच म्हणाला, "साहेब, लुकन माजं. पडावाचा काय दोष नाय. वरचा साग अजून लोखंड हाय." तेव्हा मी त्याचा सगळा गर्व माफ केला.

साग आला. सरकारी कामाच्या चालीनं आला, मध्ये एक पावसाळा गेला, पण आला. कुशाबानं मला नवा पठाण घातला, नव्या फळ्या बसवल्या, आणि या खेपेला रंगाला हातसुद्धा लावला नाही. मी पुन्हा बाणकोटाला जाऊ लागलो. पोटात थेंब नाही! भरल्या मालानिशी उभ्या खाडीतून जाताना मला काय वाटायचं ते सांगून कळायचं नाही.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण माणसं कुठं संपू देतात!

परवा पंत सांगत आले, की साहेब पुन्हा येतोय, आणि यंदा साग जास्त आहे. झालं. दोन दिवस साऱ्या खाडीत ठोकाठोक चाललीय, आणि ती बांधायची नाही. जो तो आपली धडधाकट नाव फोडतोय! एकानं तर कोरी होडी खडकावर आपटली आणि वर शेजाऱ्याला विचारलं, "पुरंल काय रं येवढी?" साहेबाला चांगली नाव दिसली की मदत नाही, एवढंच ते शिकले.

आणि आत्ता, या भर दुपारी, महिपत आणि कुशाबा माझ्या पोटात बसलेत. कुशाबाच्या हातात भोक पाडायचा सामता आहे.

"हितं पाडू काय?" कुशाबा विचारतोय.

"जरा खाली. साहेबाच्या नजरेत भरंल असं पायजे," महिपत म्हणतोय. मग फळीवरून हात फिरवत म्हणतो, "दुसरा साग मिळाला तर चांगूला येक होडी व्हईल, कुशाबाबा. गिरनीत खोकून खोकून मरंल तो तिकडं."

माझाही जीव चांगूसाठी तुटतो. अरे महिपत, त्याला उद्याच बोलव ना! मी आता धडधाकट आहे, दोन्ही भावांना पोसायची ताकद आहे माझ्यात. पण भोक पाडलंस आणि साहेबानं डोकं फिरून मला फोडायला लावलं तर तूसुद्धा गिरणीतच जाशील रे. मी हे सगळं ओरडून सांगतोय, पण आमचं बोलणं यांना फक्त पाणी आत आल्यावरच कळतं.

म्हणून तुम्हाला सांगतोय. सामत्याचं टोक लाकडाला टेकलंय. तुळसा बाजारात आहे, सुक्या मासळीच्या रांगेत, आवाजावरून सापडेल. अहो, बघत काय उभे राहिलात? पळा, तिला बोलवा!