शेजारणीचा दावा खोटा ठरवण्यासाठी

मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. दिवसाला आठ जण माझ्या शेजारी बसून घाम गाळतात आणि मी सगळ्यांना एकच सांगते, घाई करू नका, आधी आरशात बघा. स्वतःच्या बाबतीत मात्र हे मला कधीच जमलेलं नाही. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो. त्यामुळे आमच्या बोळाच्या भिंतीवर सरकारी नोटीस चिकटवलेली दिसली, तेव्हा अर्धी वाचूनच मी ती टरकावली आणि मग तुकडे जुळवून उरलेली वाचत बसले.

कोपऱ्यावरच्या इमारतीच्या नव्या मालकांचं म्हणणं होतं की बोळ त्यांचा आहे. त्यांना त्याच्या दोन्ही तोंडांना फाटक बसवायचं होतं. कोणाची हरकत असल्यास त्याने कागदोपत्री पुराव्यासह पंधरा दिवसांनी गुरुवारी सुनावणीला हजर राहावं, असं खाली लिहिलं होतं.

आमचं घर मागच्या रस्त्यावर आणि आईचं शिवणकामाचं दुकान पुढच्या रस्त्यावर. मध्ये हा बोळ. नऊ वर्षांपूर्वी एका आजारात आईचे पाय गेले, तेव्हापासून ती चाकांच्या खुर्चीत बसून, स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत, रोज नऊच्या ठोक्याला दुकानात जाते. कोणी खुर्ची ढकलली तर तिला खपत नाही. दुसरी वाट आहे, पण तिला बावीस पायऱ्या आहेत, आणि रोज मी गाडीने वळसा घालून सोडणं तर तिला मुळीच खपणार नाही. बोळ बंद झाला तर दुकान तिकडे आणि आई इकडे, इतकं साधं गणित होतं.

"मी घरात बसले तर तुझं डोकं खाईन, आत्ताच सांगून ठेवते," आई हसत म्हणाली. पण त्याच दुपारी एक बाई शाळेच्या गणवेशाचं कापड घेऊन आली, तर आईने ते परत केलं. गुरुवारनंतर बघू म्हणाली. पस्तीस वर्षांत आईने दारात आलेलं कापड परत केलेलं मी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी संध्याकाळचे तिन्ही शिकाऊ रद्द केले आणि जिल्हा कार्यालयाकडे गाडी वळवली.

अभिलेख कक्ष तळघरात होता. कापडात बांधलेले गठ्ठे छतापर्यंत रचलेले, आणि पुढे एक खिडकी. खिडकीत बोटाला रबरी टोपी घातलेल्या एक बाई बसलेल्या. मी अर्जात लिहिलं, 'आमच्या घरामागचा बोळ कोणाचा आहे?' बाईंनी तो वाचला आणि उलटा फिरवून माझ्याकडे सरकवला.

"इथे प्रश्न विचारायचा नसतो, मॅडम. कागद मागायचा असतो."

"म्हणजे?"

"बोळ कोणाचा हे मी सांगितलं तर ते माझं मत झालं. मी मत घरीसुद्धा देत नाही. कागद मागा, कागद देते."

मी दुसरा अर्ज लिहिला, 'बोळासंबंधीचे सगळे कागद द्यावेत.' तोही परत आला.

"सगळे म्हणजे कोणते? विभाग लिहा, साल लिहा, क्रमांक लिहा."

"क्रमांक मला कसा कळणार?"

"सूचीत बघा. सूची बघायला अर्ज लागत नाही."

सूची म्हणजे अकरा जाडजूड वह्या. तीन दिवस सकाळचे शिकाऊ वाऱ्यावर सोडून मी त्या वह्यांत नाक खुपसून बसले. माझ्याच शेजारी एक म्हातारे गृहस्थ गेल्या उन्हाळ्यापासून स्वतःच्या विहिरीचा कागद शोधत होते. ते मला रोज पेपरमिंटची गोळी देऊन धीर द्यायचे. चौथ्या दिवशी मला आमचा बोळ सापडला. एकोणचाळीस क्रमांकाचा मोजणी नकाशा. आनंदाने मी त्या गृहस्थांच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की त्यांचा चष्मा विहिरींच्या वहीत पडला.

बाई तिसरा अर्ज घेऊन आत गेल्या आणि हात हलवत परत आल्या. "नकाशा फाटला होता. दुरुस्तीला, मागे कापड लावायला पाठवलाय. दीड महिन्यात येईल."

"माझी सुनावणी आठ दिवसांवर आली आहे हो."

"सरकारी काम, सहा महिने थांब, असं लोक म्हणतात. मी तर दीडच सांगतेय."

यावर मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मागची रांगसुद्धा दोन पावलं मागे सरकली. बाईंनी मला पुरतं बोलू दिलं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "सल्ला देणं माझ्या कामात बसत नाही. पण कशाकशासाठी अर्ज करता येतो, त्याची यादी तुमच्या मागच्या भिंतीवर लावली आहे. सातवी ओळ मला इथून नीट दिसत नाही. जरा मोठ्याने वाचता?"

मी वाचली. 'नकलांची नोंदवही. कोणत्या कागदाची नक्कल कोणी, केव्हा व कशासाठी नेली.'

मी चौथा अर्ज तिथेच उभ्या उभ्या लिहिला. दुसऱ्या दिवशी वही माझ्यापुढे आली. एकोणचाळीस क्रमांकाची नक्कल आजवर एकदाच दिली गेली होती, नऊ वर्षांपूर्वी. अर्जदाराच्या रकान्यात आमच्या बोळापाशी चष्म्यांचं दुकान असलेल्या काकांची वळणदार सही होती आणि 'कारण' या रकान्यात लिहिलं होतं, 'शेजारणीचा दावा खोटा ठरवण्यासाठी.'

"कारण लिहायची सक्ती नसते," बाई म्हणाल्या. "पण काही लोक मनापासून लिहितात."

ती शेजारीण म्हणजे माझी आई. काकांचं दुकान आईच्या समोर, बोळाच्या पलीकडच्या अंगाला. आईची खुर्ची चढावी म्हणून आम्ही बोळाच्या तोंडाशी सिमेंटचा उतार केला, तेव्हा त्याचं पाणी काकांच्या दारात जायला लागलं. कोणाला विचारून केलंत, हा काय सार्वजनिक रस्ता आहे का, असं काका म्हणाले. आहेच, असं आई म्हणाली. आवाज चढले. "थांबा, कागदच आणून दाखवतो," म्हणून काका ताडताड निघून गेले. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. त्याआधी वीस वर्षं सकाळचा चहा दोघं एकाच बाकावर बसून प्यायचे. काकांनी कागद काही दाखवला नाही, आणि आम्ही समजलो की त्यांचा राग अजून गेलेला नाही.

वहीवर बोट ठेवूनच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कागद काकांच्या बाजूचा असता तर त्यांनी तो चौकट करून दुकानात टांगला असता. म्हणजे तो आमच्या बाजूचा होता. काकांनी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं.

त्या नोंदीची प्रत घेऊन मी थेट काकांच्या दुकानात गेले. ते एक काच पुसत होते. प्रत बघितल्यावर तीच काच पुन्हा पहिल्यापासून पुसायला लागले.

"शोधावा लागेल," ते म्हणाले.

"काका, तुम्हाला वीस वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाचा नंबर तोंडपाठ असतो."

त्यांनी काचेवर फुंकर मारली.

"फाटक बसलं तर आई घरात कोंडली जाईल. चालेल तुम्हाला?"

काकांनी वर बघितलं, पण माझ्याकडे नाही. दाराबाहेर बोळात असलेल्या त्यांच्या मोठ्या काचेच्या कपाटाकडे. त्यात चष्म्यांच्या फ्रेमा मांडलेल्या असतात. मला वाटलं, नजर चुकवताहेत. मी आणखी चार शब्द सुनावून बाहेर पडले.

आईला सगळं सांगितलं. 'शेजारणीचा दावा' ही ओळ तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि दोन्ही वेळा हसली. मग म्हणाली, "पण मागायला मी जाणार नाही. आणि तूही पुन्हा जायचं नाहीस. त्यांना द्यायचा असेल तर ते देतील."

गुरुवार उजाडला, तरी काकांनी कागद काही दिला नाही. दुकानही बंद होतं.

सुनावणीला नवे मालक वकील घेऊन आले होते. माझ्याकडे नोंदवहीची प्रत आणि आई, एवढंच. अधिकाऱ्यांनी प्रत नीट वाचली, कारणाच्या रकान्यापाशी मिशीत हसले, आणि म्हणाले, "असा कागद आहे हे कळलं. पण त्यात काय आहे हे यावरून कळत नाही. मला निर्णय आजच द्यायचा आहे."

वकील टेबलावरच्या फायली गोळा करायला लागले. मी तोंड उघडणार तोच आईने माझा हात घट्ट दाबला. मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. नवखा माणूस पहिल्यांदा घाटात गाडी घालतो तेव्हासुद्धा नाही.

तेवढ्यात दार उघडून काका आत आले. शर्टावर लाकडाचा भुसा, अंगठ्याला पट्टी आणि काखेत प्लास्टिकची फाईल. त्यांनी नक्कल अधिकाऱ्यांपुढे ठेवली. अधिकाऱ्यांनी ती मोठ्याने वाचली. "सार्वजनिक वहिवाटीचा बोळ. रुंदी साडेपाच फूट."

वकील उठले. "साहेब, आम्ही जागा मोजली आहे. तोंडाशी बोळ चारच फूट भरतो. म्हणजे हा नकाशा या बोळाचा नाहीच."

"याच बोळाचा आहे," काका म्हणाले. "उरलेला दीड फूट माझ्या कपाटाखाली होता."

"कसलं कपाट?"

"चष्म्यांचं. बोळाच्या भिंतीला पक्कं बसवलेलं. दुकान घेतलं तेव्हा मीच बसवलं. ते सरकारी जागेत आहे हे मला हा कागद हातात पडल्यावर कळलं. सकाळी या दोघी इकडे निघाल्यापासून तेच काढत होतो, म्हणून उशीर झाला. माणूस पाठवून मोजून घ्या."

नवे मालकसुद्धा हसले. अधिकाऱ्यांनी खरंच माणूस पाठवला. तासाभराने तो परत आला आणि साडेपाच म्हणाला. फाटकाची परवानगी नाकारली गेली. मी वकिलांशीसुद्धा हात मिळवून आले.

येताना आई माझ्या शेजारी बसली होती आणि काका मागे, मांडीवर फाईल धरून. बोळाशी उतरलो. कपाट होतं तिथे भिंतीचा रंग न लागलेला पट्टा दिसत होता. आईने खुर्ची थांबवली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "नऊ वर्षं मूग गिळून बसलात."

"बसलो."

"इतका राग?"

"राग तीनच दिवस होता, ताई. कागद मिळाला त्या दिवशी गेला. मग लाज वाटायला लागली. तुमचंच बरोबर होतं, हे येऊन सांगायचं रोज ठरवायचो. आधी आठवडा गेला, मग वर्ष गेलं. मग वर्षभर का नाही सांगितलं, याचीच लाज."

आईने आता त्यांच्याकडे वळून बघितलं. "म्हणजे नऊ वर्षं दोघांचा राग मी एकटीच सांभाळत बसले होते?"

काका हसायला लागले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

"पाणी मात्र अजून माझ्याच दारात येतं," काका जरा वेळाने म्हणाले.

"तुमचा उंबराच खाली आहे. माझ्या उताराला कशाला नावं ठेवता?"

"उंबरा आधीपासून तिथे आहे, ताई. उतार नंतर आला."

आईने चाकं फिरवली आणि काका तिच्या शेजारून चालायला लागले. शेजारून चालायला आता जागा होती. मी मागे राहिले. बोळ जेमतेम चाळीस पावलांचा आहे. त्या दिवशी तो पार करायला दोघांना पाऊण तास लागला.