मी गॅस पीत नाही

मित्रांनो, मी एक जुना एसी आहे आणि मी दमलो आहे. दमलेल्याने गोड बोलावं अशी अपेक्षा ठेवू नका.

थायलंडमधल्या नखॉन सवानच्या बाजारात विलायचं माशांच्या गोळ्यांचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. वरच्या पुढच्या खोलीत मी अकरा वर्षं भिंतीवर लटकलो आहे. माझा जन्म कारखान्यात झाला, पण तिथलं काही सांगण्यासारखं नाही. आम्ही हजार जण एका रांगेत होतो आणि हजारांचं नाव एकच होतं. माझं आयुष्य सुरू झालं ते किमसेंगमुळे. किमसेंग म्हणजे विलायचा बाप. उभा जन्म त्याने नदीत वाळूच्या नावा ओढल्या, आणि गुडघे गेल्यावर तो या खोलीत आडवा झाला. छाती आधीच अधू. एप्रिलचं ऊन छपरातून खाली उतरलं की त्याला श्वास पुरत नसे. त्याच्यासाठी मला आणलं.

पहिल्या दिवशी मी वारा सोडला तेव्हा म्हातारा डोळे मिटून म्हणाला, "पहाटेची नदी घरात आली गं!" एवढं कौतुक मला पुन्हा मिळालं नाही.

मला बसवलं विरोत मिस्त्रीने. बरोबर पूर्वजांच्या देव्हाऱ्यावर. लाल लाकडाचा देव्हारा, त्यात विलायच्या आईची तसबीर. विरोतला तो दिसला नाही का? चांगला दिसला. पण तिथे पाइप कमी लागत होता.

विलाय रोज सकाळी तीन उदबत्त्या लावायची, संध्याकाळी तीन, पौर्णिमा-अमावास्येला मूठभर. एसी चालू म्हणून खिडक्या बंद. मग धूर जाणार कुठे? हवा ओढणं हे माझं काम. धूर मी ओढला. उरलेला म्हाताऱ्याने ओढला.

तिसऱ्या वर्षी माझा घसा धरला. आत बर्फ साचायचा, वितळून गळायचा. विरोत आला, शिडीवरही चढला नाही. "गॅस संपलाय," म्हणाला आणि भरून गेला. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मित्रांनो, एसी गॅस पीत नाही! बंद नळीत तोच तो गॅस गोल फिरत असतो. कमी झाला तर कुठेतरी गळतोय, आणि गळती शोधायची असते. विरोतने आठ वर्षांत ना गळती शोधली, ना माझं पोट उघडून पाहिलं. स्टुलावरून धुळीची जाळी तेवढी ओढून नळाखाली धरायचा, गोळ्यांचा वाडगाभर रस्सा ओरपायचा आणि जाताना माझ्याकडे बोट दाखवायचा. "खोकड झालंय हे, विलायताई. नवीन घ्या." काम चोराचं आणि बदनामी माझी.

या एप्रिलला म्हाताऱ्याची छाती फारच भरली. डॉक्टर म्हणाले, खोली गार ठेवा, नाहीतर सणाआधी इस्पितळात आणा.

"मी जाणार नाही," म्हातारा म्हणाला. "तुझी आई तिथे चालत गेली होती. आणली कशी ते आठवतंय ना?"

विलायने नवा एसी मागवला. पण सोंगक्रानचा पाण्याचा सण तोंडावर, सगळं बंद होणार. एसी सणानंतरच्या बुधवारी येणार होता. मधले नऊ दिवस म्हाताऱ्याने काढायचे कसे, हा प्रश्न होता.

नव्या एसीच्या दुकानातून भिंत मोजायला दाव आली. दणकट बाई, शिडी स्वतःच्याच खांद्यावर. तिने माप घेतलं, खोकला ऐकला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हा कधी उघडलाय का?"

"विरोत दरवर्षी गॅस भरतो की."

"म्हणजे नाक चोंदलं तरी जेवायलाच वाढायचं!" दावने माझं झाकण काढलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. आत बोट फिरवलं. बोट काळं झालं, चिकट झालं. तिने ते हुंगलं. "ही धूळ नाही, ताई. उदबत्ती आहे."

विलायचा आवाज चढला. "माझ्या आईच्या देव्हाऱ्याला नावं ठेवू नकोस."

"देव्हाऱ्याला नाही, जागेला ठेवतेय. इथे सोन्याचा एसी लावा, दोन पावसाळ्यांत त्याचाही गळा बसेल."

तिने माझ्याभोवती प्लास्टिकची झोळी बांधली, पिचकारीने पाणी मारलं. खालच्या बादलीत डांबरासारखं पाणी पडू लागलं. एक बादली. दुसरी. विलाय बघत राहिली.

"हे सगळं आत होतं?"

"जे अडकलं ते." दाव क्षणभर पलंगाकडे पाहत राहिली. "जे अडकलं नाही, ते कुठे गेलं असेल?"

म्हातारा खोकला. विलायने देव्हाऱ्यातल्या जळत्या उदबत्त्या उचलल्या आणि बाहेर गच्चीवर नेऊन खोचल्या.

मग दावने बाहेरच्या पेटीशी पाइपच्या जोडाला साबणाचा फेस लावला. फेसात बुडबुडा फुगला. एक नट. मला बसवलं त्या दिवसापासून ढिला. पान्याचे दोन फेरे, गळून गेलेला गॅस शेवटचा भरला, आणि आठ वर्षांचं रहस्य संपलं.

देव्हारा खाली दुकानात न्यायचं ठरलं, पण तो असा उचलून हलवता येत नाही. पूर्वजांना विचारावं लागतं. अर्धचंद्रासारखे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकायचे. एक उताणा, एक पालथा पडला तर होकार. विलाय गुडघ्यावर बसली. "आई, तुला खाली नेऊ का?" दोन्ही पालथे. पुन्हा विचारलं. पुन्हा पालथे. तिचे डोळे भरले.

"आता काय करू, पा? आई नाही म्हणतेय."

म्हाताऱ्याला हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला. "तुला विचारताच येत नाही, पोरी. तुझ्या आईला 'करू का' विचारलं की ती नाहीच म्हणायची. लग्नालाही नाहीच म्हणाली होती. तिला सांगायचं. सांग, दुकानात तुझी जागा केलीय, गिऱ्हाइकांवर नजर ठेवायला कोणी नाही."

विलायने तसंच सांगितलं. तुकडे पडले. एक उताणा, एक पालथा.

"आई हुशार होत्या," दाव म्हणाली.

"हुशार कसली? खाष्ट होती!" म्हातारा अभिमानाने म्हणाला.

दावने मला चालू केलं. पूर्वीची पहाटेची नदी काही आली नाही, खोटं कशाला बोलू? माझे आतले पत्रे झिजले आहेत. दावने ते तोंडावर सांगितलं, "सण निघेल, पुढचं वर्ष निघणार नाही. नवा घ्याच." मला राग आला नाही. अकरा वर्षांत माझ्याबद्दल खरं बोललेली ती पहिलीच.

सण निघाला. रस्त्यावर गाव एकमेकांना भिजवत होतं आणि वर म्हातारा दुपारभर तोंड उघडं टाकून झोपत होता. इस्पितळात जावं लागलं नाही. त्या नऊ दिवसांत मी जेवढा राबलो तेवढा अकरा वर्षांत राबलो नसेन, पण श्वास मोकळा असला की कष्टाचं काही वाटत नाही. म्हाताऱ्याला विचारा.

मित्रांनो, जो तुमच्यासाठी राबतो तो बिघडला की लगेच जुना ठरवू नका. आधी त्याचं झाकण उघडा. आणि जो न उघडता दोष सांगतो, त्याला रस्सा पाजू नका.

आज मंगळवार. उद्या मला उतरवतील. मघाशी विलाय स्टुलावर चढली, दावने शिकवल्याप्रमाणे माझी जाळी काढली आणि नळाखाली चोळून धुऊ लागली.

"अगं, तो उद्या जाणार," म्हातारा पलंगावरून म्हणाला. "आता कशाला धुतेस?"

"हाताला सवय लागू दे, पा."

तिने जाळी उन्हात वाळवली, पुसली आणि माझ्यात परत बसवली.