मान माझ्याकडे वळत नाही

छाती तपासण्यात लुस्वेतीचा हात आमच्या वर्गात सगळ्यांत चांगला. आधी नुसतं बघायचं, मग चाचपायचं, मग बोटांनी ठोकून आवाज घ्यायचा, शेवटी स्टेथोस्कोप. म्हणून वॉर्डातल्या परीक्षेला आमच्या शिक्षिका म्वेन्डे मॅडमनी त्याला खिडकीकडच्या खाटेवरची नवी पेशंट बाई दिली. ताप आणि खोकला. मी शेजारच्याच खाटेपाशी रक्तदाब घेत होते.

"आई, मी लुस्वेती. नर्सिंगला शिकतो. तुमची छाती तपासू का?"

बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, अंगावर पांघरलेलं रंगीत कापड, लेसो, डोक्यावरून ओढलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

ऐकू कमी येत असेल असं समजून तो मोठ्याने बोलला. तो वळसा घालून खिडकीकडे गेला, तशी बाईंची मान झटकन इकडे वळली. नाडी बघायला त्याने मनगटाकडे हात नेला, तर हात लेसोच्या आत गेला. काहीच सुचेना, म्हणून त्याने स्टेथोस्कोप कानात घातला आणि नुसता उभा राहिला.

मॅडम आल्या. "काय सापडलं?"

त्याने एक कान मोकळा केला. "मॅडम, काही कळत नाही. मान दोन्हीकडे वळते, पण माझ्याकडे वळत नाही. चहावालीशी नीट बोलल्या, माझ्याशी बोलत नाहीत. तापाने भ्रम झाला असेल का?"

"भ्रम कुणाला झालाय ते बघू. आई, काय होतंय?"

लेसोखालून आवाज आला, "बाई, आधी या पोराला लांब करा. माझ्या पोरीला, नांजालाला, मागणी घालायला याचीच माणसं आली होती. याचा फोटो पाहिलाय मी."

लुस्वेती पडद्यामागे कधी गेला ते कळलंही नाही.

मॅडम नैरोबीत वाढलेल्या. "होणारी सासू आहे तर काय झालं? घरचंच माणूस."

"आमच्या लोकांत होणारा जावईसुद्धा सासूच्या तोंडाकडे बघत नाही, हातही धरत नाही, मॅडम," मी म्हटलं. "एका खोलीतही बसत नाहीत."

"मग तू तपास."

मी ठोकून पाहिलं. डावीकडे पोकळ आवाज, उजवीकडे खाली बद्द. मला खात्री वाटेना.

"नेलिमा," पडद्यामागून हळूच आवाज आला, "उजवीकडे खाली श्वास ऐकू येतो का?"

"नाही."

"श्वास घेताना ती बाजू कमी उठत होती. छातीत पाणी झालं असेल."

"कोण बोलतंय?" बाईंनी विचारलं. मी पडदा नीट ओढून घेतला.

छातीचा एक्स-रे काढला, तर पाणीच निघालं. डॉक्टरांनी ते काढल्यावर बाई निवांत झोपल्या.

चहाला लुस्वेती कप तसाच धरून बसला होता. "मी तोंडाकडे बघितलं त्यांच्या. हात धरायला गेलो. आता लग्न होईल का गं?"

"नांजालाला विचार."

"विचारलं. आधी हसली, मग मामांना विचारते म्हणाली."

बरं होऊन घरी जाताना बाईंनी मला जवळ बोलावलं. "पडद्यामागचा पास झाला का?"

"अजून कळलं नाही, आई."

"पास करा म्हणावं मॅडमना. पण माझ्या खाटेजवळ पुन्हा नको."

हे मी त्याला जसंच्या तसं सांगितलं. हा लग्नाला होकार की नकार, हे तो अजून मला विचारतो. मलाही सांगता येत नाही.