पाय धुऊन होईपर्यंत

आमच्या डोंगरातल्या छोट्या चर्चमध्ये बंधू आर्वेल प्रवचनाला उभे राहिले की सुरुवातीला नुसतं बोलतात. घसा खाकरतात, कुणाची तब्येत विचारतात, कुणाच्या बागेतल्या टोमॅटोची चौकशी करतात. मग कुठल्या शब्दावर ते कुणालाच आधी कळत नाही, पण त्यांचं बोलणं जमीन सोडतं. सूर लागतो. एकेक ओळ वर चढत जाते, ओळीच्या शेवटी श्वासाचा हुंकार येतो, आणि बाकांवर बसलेले आम्ही आपोआप डोलायला लागतो. लहानपणापासून मी हे ऐकत आले. शाळेत शिकलेलं सगळं विसरले, पण बंधू आर्वेलनी गाऊन सांगितलेलं काही विसरले नाही. देव माझ्याशी बोलला असं मी म्हणणार नाही, तेवढी माझी पात्रता नाही. पण त्या सुरात तो येऊन बसतो, हे मला ठाऊक आहे.

या उन्हाळ्यात त्यांचा श्वास पुरत नव्हता. तरुणपणी खाणीत काढलेल्या दिवसांनी छातीत कोळशाची धूळ भरून ठेवली होती. नाकाला नळी, पायाशी ऑक्सिजनचं नळकांडं. डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुढच्या उन्हाळ्याचे बेत करू नका. आमच्याकडे भाकर-द्राक्षारसाचं प्रभुभोजन वर्षातून एकदाच, ऐन उन्हाळ्यात. त्याच दिवशी पायधुणी: प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, तसे आम्ही एकमेकांचे धुतो. म्हणजे हे त्यांचं शेवटचं होतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

"ऑर्फा," ते मला म्हणाले, "एवढं एक नीट पार पडू दे गं. मग मी जायला मोकळा."

मी हो म्हणाले. पण पार पडणं माझ्या हातात नव्हतं. ते माझा नवरा हॉबर्ट आणि माझा भाऊ लवेल यांच्या हातात होतं.

या दोघांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला, पिजन फोर्क ओढ्यात. बंधू आर्वेलनीच एकाला उजव्या हाताने आणि दुसऱ्याला डाव्या हाताने काठावर ओढून आणलं होतं. तेव्हापासून दर वर्षी पायधुणीला हॉबर्ट लवेलचे पाय धुणार आणि लवेल हॉबर्टचे. कमरेला बांधायचा लांब पांढरा टॉवेल मी इस्त्री करून द्यायची. एखाद्या वर्षी लवेल म्हणायचा, "हॉबर्ट, लेका, नखं तरी कापून येत जा, प्रभू बघतोय." आणि अख्खी पुरुषांची बाजू हसायची.

मग ते राष्ट्राध्यक्षांचं सुरू झालं.

आधीच्या राष्ट्राध्यक्षांनी हुकूम काढला होता, की कोळशासाठी डोंगरमाथा फोडून निघालेला दगडमातीचा ढीग ओढ्याच्या आसपास टाकायचा नाही. आमच्या माथ्यावरच्या खाणीला ढीग टाकायला दुसरी जागाच नव्हती. खाण बंद झाली. तिथेच कामाला असलेला माझा मुलगा ड्वाइट बायकोला घेऊन ओहायोला गोदामात खोकी उचलायला गेला. माझ्या नातीचा पहिला दात मी फोनवर पाहिला.

मग निवडणूक झाली, नवे आले, आणि खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांनी तो हुकूम रद्द केला. खाण उघडली. ड्वाइट सामान भरून परत आला. नात माझ्या मांडीवर आली. मी गुडघे टेकून देवाचे आभार मानले, आणि खोटं कशाला बोलू, मनापासून मानले.

लवेल त्या दिवशी आमच्याकडेच जेवायला होता. बीन्स आणि मक्याचा पाव.

"काय रे हॉबर्ट," तो म्हणाला, "तुझा साहेब खुर्चीवर बसला आणि पहिल्यांदा काय बाहेर काढलं? खोडरबर!"

"खोडण्यासारखंच लिहून ठेवलं होतं तुझ्या साहेबाने. अख्खी दरी ओस पाडली."

"दरी नाही, खाण बंद पडली."

"आपल्याकडे या दोन्हींत काय फरक आहे, तेवढं सांग आणि मग कांदा घे."

तेव्हा दोघेही हसत होते. पण लवेलचं घर डोंगराच्या अगदी पायथ्याशी, ओढ्याला लागून. पुढच्या वसंतात त्याच्या विहिरीला गंजाचा रंग आला. मग वास आला. एका संध्याकाळी तो बरणी भरून घेऊन आला आणि आमच्या टेबलावर हॉबर्टच्या ताटाशेजारी ठेवली.

"पी."

"तुझ्या विहिरीला लोखंड आधीपासून होतं," हॉबर्ट बरणीकडे न बघता म्हणाला.

"आईने याच विहिरीच्या पाण्यावर आम्हा दोघांना वाढवलं. विचार तुझ्या बायकोला, होतं का लोखंड."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. नव्हतं लोखंड. पण टेबलाच्या त्या टोकाला ड्वाइट कामावरचे बूट घालून बसला होता, आणि त्याच्या मांडीवर नात पाव कुस्करत होती.

"पुढच्या खेपेला आमचा माणूस येऊ दे," लवेल म्हणाला, "तो हे सगळं परत फिरवेल."

"फिरवू दे. त्याच्यानंतर आमचा येईल, तो ते फिरवेल."

"आणि मी?" ड्वाइट म्हणाला. "मी गाडीतलं सामान उतरवून ठेवू, की गाडीतच राहू दे? नक्की काय ते दोघं मिळून ठरवा आणि सांगा."

कुणी हसलं नाही. लवेल बरणी तिथेच ठेवून गेला. त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही. हॉबर्टही ओढ्यावरचा पूल ओलांडून त्याच्याकडे गेला नाही.

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मंडळीची बैठक असते. बंधू आर्वेल एकच प्रश्न विचारतात: "मंडळीत शांती आहे का?" कुणाच्या मनात कुणाविषयी काही असेल तर त्याने उठून सांगायचं. कुणी उठलं आणि ते तिथे मिटलं नाही, तर त्या वर्षी प्रभुभोजन नाही. कुणीच उठलं नाही, तर शांती आहे असं धरायचं. आमच्या आजोबांपासून असंच चालत आलंय.

त्यांनी नळी सारखी केली आणि विचारलं.

हॉबर्ट मांडीवरच्या हॅटकडे बघत राहिला. लवेल नळकांड्याकडे. उठलं कुणीच नाही.

"देवाचे आभार," बंधू आर्वेल म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला मान खाली घालावी लागली.

बाहेर अंगणात लवेल मला म्हणाला, "म्हाताऱ्यासाठी गप्प बसलो." गाडीत हॉबर्ट म्हणाला, "आर्वेलकडे बघून गप्प बसलो." जे एकमेकांना सांगायचं ते दोघांनी मला सांगितलं.

चर्चला नळ नाही. सर्वांत जवळ लवेलचं घर, त्यामुळे पायधुणीचं पाणी नेहमी त्याच्याच विहिरीचं. या वर्षी दुसरीकडून आणावं हे सगळ्यांच्या मनात आलं असणार. पण तसं लवेलला सांगणं म्हणजे एक बाजू घेणं, आणि न सांगणं म्हणजे दुसरी. म्हणून कुणीच त्या विषयाला हात लावला नाही.

रविवारी भाकर मोडली, द्राक्षारस फिरला. बंधू आर्वेलचं प्रवचन खुर्चीत बसूनच झालं. प्रभूने उठून कमरेला टॉवेल बांधला, इथपर्यंत ते नुसतं बोलत होते. मग सूर लागला. पातळ होता, मध्येच तुटत होता, पण लागला. ओळ अर्धी राहिली की मंडळी उरलेली पुरी करत होती, आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती. स्वर्गात गाणं असेल तर ते असंच, धापा टाकत असेल असं मला वाटलं.

मग पांढरी घमेली आली.

घमेल्यांच्या पांढऱ्या तळामुळे पाण्याचा रंग लपला नाही. केशरी, तळाशी गाळ. बायकांच्या बाजूला आम्ही बूट काढले. पुरुषांच्या बाजूला लवेल अनवाणी होऊन बसला होता. टॉवेल बांधून हॉबर्ट त्याच्यासमोर वाकला, आणि तसाच थांबला.

"मुद्दाम आणलंस," तो हळू आवाजात म्हणाला.

"दुसरं कुठलं आणू? मी याच पाण्याने अंघोळ करतो."

"दुकानात कॅन मिळतात."

"म्हणजे सगळं ठीक आहे असं नाटक करू? इथे? प्रभूसमोर?"

"आणि मी यात हात घातला की माझ्या पोराची कमाई घाण आहे असं मी कबूल केलं. त्याच्यादेखत." मागच्या बाकावर ड्वाइट मुलीला घेऊन बसला होता. त्याने तिचं तोंड आपल्या खांद्याकडे वळवलं.

हॉबर्टने टॉवेल सोडला, घडी घालून बाकावर ठेवला आणि हॅट घेऊन बाहेर गेला.

पायधुणी चालू असेपर्यंत आमच्याकडे गाणं थांबत नाही. बंधू आर्वेल एक ओळ भरभर म्हणून देतात, आम्ही ती लांबवून गातो, मग पुढची. शेवटच्या माणसाचे पाय पुसून झाले, असं कुणी सांगितलं की गाणं संपतं. त्यांची नजर आता अधू झाली आहे. कोण आलं, कोण गेलं, हे त्यांना दिसलं नाही. त्यांनी ओळ दिली. आम्ही गायलो.

मी भगिनी बर्डीनचे पाय धुतले, तिने माझे. सगळ्यांचे झाले. फक्त लवेल राहिला, घमेल्यापुढे कोरडे पाय घेऊन. दुसरा कुणी पुरुष पुढे झाला असता तर तीही एक बाजू झाली असती, आणि बायकांनी पुरुषांचे पाय धुवायचे नाहीत. सख्खा भाऊ असला तरी नाही. मी बाहेर गेले.

हॉबर्ट गाडीत काचा वर करून बसला होता. मी काच वाजवली.

"तो अजून अनवाणी बसलाय."

"बसू दे."

"बंधू आर्वेल गातायत. तू आल्याशिवाय ते थांबणार नाहीत. त्यांच्याने होत नाहीये, हॉबर्ट."

"मग मी काय करू ते तूच सांग ना, ऑर्फा! काय केलं तर ते खोटं होणार नाही?"

मी परत आत आले.

गाण्याची सगळी कडवी संपली होती आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती. बंधू आर्वेल आता प्रत्येक शब्दानंतर थांबत होते. ओठ निळसर पडले होते. त्यांच्या मुलीने खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी बाजूला सारला. अजून कुणाचे तरी पाय राहिलेत, म्हणून ते गात होते. दुसऱ्यांदा कडवी संपली. त्यांनी पुन्हा पहिली ओळ दिली, पण अर्ध्यावर आवाजच आला नाही, नुसती हवा. आम्ही ती ओळ पुरी केली.

तेव्हा लवेल वाकला. त्याने बुटात खोचलेले मोजे काढले आणि कोरड्या पायांवर चढवले. मग बूट. नाड्या बांधल्या.

"झाले का सगळ्यांचे?" बंधू आर्वेलनी विचारलं.

"झाले, बंधू," लवेल म्हणाला.

"देवाची दया," ते म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले. गाणं थांबलं. मंडळी उठून एकमेकांचे हात हातात घ्यायला लागली, जशी दर वर्षी घेते. लवेलने घमेलं उचललं आणि मागच्या दाराने जाऊन रिकामं केलं.

झाडाखाली जेवण मांडलं होतं, पण मी थांबले नाही. टॉवेल घेऊन गाडीत बसले. मी घातलेल्या इस्त्रीच्या घड्या होत्या तशाच होत्या. पूल आला. ओढा केशरी वाहत होता आणि तो समोर रस्त्याकडे बघत होता.

"मी येत होतो," तो म्हणाला. "दार उघडलं होतं. तेवढ्यात गाणं थांबलं. म्हटलं, लवेलचे दुसऱ्या कुणीतरी धुतले."

मी खाली पाहिलं. त्याच्या डाव्या बुटाची नाडी सुटलेली होती, आणि मोजा काढायला घेऊन अर्ध्यावर सोडल्यासारखा घोट्याखाली ओढलेला होता.