चिंतामणी रंगाची रांग

हनीफनं रंगीत टीव्ही लावला तो कार्ब्युरेटर लावतात तसा. म्हणजे कान देऊन, स्क्रूड्रायव्हर दातात धरून आणि दुसऱ्या कुणाला हात लावू न देता. भोसरीत लांडेवाडीच्या कोपऱ्यावर त्याचं गॅरेज होतं. मेहुण्यानं दुबईहून टीव्ही धाडला तेव्हा सगळी आळी म्हणाली, पुण्याहून माणूस बोलवा. हनीफ म्हणाला, "कशाला? इंजिनच आहे हे. फक्त धूर सोडत नाही."

जुम्म्याची नमाज पढून आल्यावर त्यानं पत्र्यावर चढून अँटेना सिंहगडाकडं वळवली, खाली येऊन बटणं पिळली आणि आवाज भरदार यावा म्हणून गॅरेजातला मोठा स्पीकर आणून टीव्हीला अगदी खेटून ठेवला.

"नुसत्या टीव्हीचा आवाज बायकांसारखा बारीक येतो," तो म्हणाला.

"माझा आवाज विसरलात वाटतं," त्याची बायको मुमताज आतून ओरडली, ते चार घरांना ऐकू गेलं.

शेजारच्या रुक्मिणीबाई उंबऱ्यातच थबकल्या होत्या. दिल्लीतल्या एशियाडचं उद्घाटन आता दाखवणार होते. त्यात देशभरातल्या पोरी नाचणार होत्या आणि त्या शेकडो पोरींत एक त्यांची मालन होती. रुक्मिणीबाईंना स्वतःला ती दिसायला हवी होतीच. पण त्याहून जास्त, ती नवऱ्याला दिसायला हवी होती.

दत्तोबा मालनला पाठवायला तयार नव्हते. "साऱ्या मुलखापुढं पोरगी नाचवायची? आमच्यात न्हाई असलं," म्हणून त्यांनी जी मान फिरवली ती फिरवलीच. रुक्मिणीबाईंनी आपल्या शब्दावर पोर धाडली. दत्तोबा स्टेशनवर गेले नाहीत. दिवाळी पोरीवाचून गेली, तरी त्यांच्या तोंडून तिचं नाव निघालं नाही.

आणि काल काय झालं, तर मालनचा दिल्लीहून फोन आला, तो थेट बापाच्या कंपनीत. दत्तोबा प्रेस मशीनवर होते, म्हणून गेटवरच्या चिमाजीनं निरोप घेतला. खर्र खर्र आवाजातनं त्याला ऐकू आलं ते एवढंच : दादांना सांगा, चिंतामणी बघा.

दत्तोबांनी काय करावं? अर्ध्या दिवसाची रजा टाकली, बस बदलत बदलत थेऊर गाठलं आणि चिंतामणीचं दर्शन घेऊन रात्री नारळ-पेढे घेऊन दारात उभे राहिले.

"पोरगी म्हनली म्हणून गेलतो," ते भिंतीकडं बघत म्हणाले. "परक्या गावात हाय. घाबरली असंल."

रुक्मिणीबाईंनी निरोप नीट विचारून घेतला आणि हसू दाबायला पदर तोंडात कोंबला. त्यांच्या पुढच्या खोलीत ब्लाउजपीस, फॉल आणि परकर विकायला असत. मॅचिंग बघायला अख्ख्या लांडेवाडीतल्या बायका यायच्या. मालन त्याच कापडांत वाढलेली. लहानपणी ती 'निळा' म्हणाली की रुक्मिणीबाई म्हणायच्या, "निळा हे नाव झालं गं. आडनाव काय?" मग पोरगी सांगायची : आकाशी, मोरपिशी, चिंतामणी. आणि जाताना तीच सांगून गेली होती की साड्या दिल्लीत मिळणार, प्रत्येक रांगेचा रंग वेगळा.

"अहो," त्या शेवटी म्हणाल्या, "देवाला भेटलात, चांगलं झालं. पण तिनं साडीचा रंग सांगितलाय. कुठल्या रांगेत बघायचं ते."

दत्तोबांनी हातातला नारळ खाली ठेवला. "मग रंग म्हनायचं की नीट," एवढंच ते पुटपुटले. पण आज ते हनीफच्या घरी आले होते. दाराशी, चपला निघतात तिथं, अर्धे आत अर्धे बाहेर. असा माणूस एकदा उठून गेला की पुन्हा आणता येत नाही, हे रुक्मिणीबाईंना पक्कं ठाऊक होतं.

टीव्ही सुरू झाला आणि खोली हुंकारली. रंग! निवेदिकेचं तोंड पिकल्या टोमॅटोसारखं झालं होतं.

"या अल्ला, बाईला ताप आलाय," मुमताज म्हणाली.

"मिक्श्चर रिच झालंय, रंग जास्त पडतोय," हनीफनं बटण पिळलं. टोमॅटोची काकडी झाली. मग पुन्हा पिळलं. मैदान दिसलं, झेंडे दिसले. डावीकडचा झेंडा झेंड्यासारखा होता, उजवीकडचा मात्र जांभळा आणि शेवाळी.

"त्यात निळी रांग कंची वळखायची?" दत्तोबा दारातनं म्हणाले. "मी जातो. शिफ्टचा डबा भरायचाय."

"बसा," रुक्मिणीबाई म्हणाल्या आणि तडक घरी गेल्या. येताना गठ्ठ्यातला केशरी ब्लाउजपीस घेऊन आल्या आणि डावीकडच्या झेंड्याशेजारी काचेवर धरला. "हनीफभाऊ, थोडं कमी करा. अजून. थांबा! हा बघा, जुळला." मग तोच तुकडा त्यांनी उजवीकडं सरकवला. तिथं झेंड्याची पट्टी वांग्याच्या रंगाची होती.

"हे बटणानं जायचं नाही," त्या म्हणाल्या.

"आक्का, तुम्ही कापडातल्या. ही मशीन आहे."

"असू दे की. अख्खी साडी उतरली तर रंगात खोट. पण एकाच कोपऱ्याला डाग पडला, तर तिथं कायतरी सांडलंय. ह्या कोपऱ्याला काय सांडलंय तुमच्या?"

हनीफनं तोंडातला स्क्रूड्रायव्हर काढला. उजव्या कोपऱ्याला खेटून काय होतं, ते सगळ्यांना दिसत होतं.

"स्पीकर?" तो म्हणाला. मग त्याच्याच डोक्यात उजेड पडला. "अरे, त्याच्या बुडाला चुंबक आहे, शेंगदाण्याच्या ढेपेएवढं!"

त्यानं स्पीकर उचलला. जांभळा डाग त्याच्या मागं मागं सरकला आणि बारीक झाला. पण गेला नाही. उजव्या काठाला वाटीएवढा तसाच राहिला.

"दुबईचा भाईजान म्हणाला होता," मुमताज आठवून म्हणाली, "काही बिघडलं तर बंद करा, गार होऊ द्या, मग लावा. आपोआप साफ होतं म्हणे."

"आत्ता बंद करू? चालत्या गाडीत?" हनीफ ओरडला. पडद्यावर पहिल्या नाचणाऱ्या रांगा मैदानात येत होत्या. खोलीतली माणसं एका सुरात 'नको नको' म्हणाली.

रुक्मिणीबाईंनी दाराकडं पाहिलं. दत्तोबांनी एका पायात चप्पल घातली होती.

"ह्या पहिल्या पोरी पंजाबच्या दिसतात," त्या ठामपणे म्हणाल्या. आपल्या पोरी कधी येणार ते त्यांना काडीचंही ठाऊक नव्हतं, पण गिऱ्हाइकापुढं विकणाऱ्या बाईनं आवाज हलू द्यायचा नसतो. "आपल्या यायला वेळ आहे. बंद करा."

हनीफनं बंद केला. अंधाऱ्या काचेत सगळ्यांना आपापली तोंडं दिसली. कुणी खोकलं. मुमताज पदरानं काच पुसू लागली. दत्तोबा दुसरी चप्पल पायानं शोधत होते, आणि ती सापडू नये अशी पुरी व्यवस्था दारातल्या चपलांच्या ढिगाऱ्यानं केली होती.

"लावा आता," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

टीव्हीच्या पोटात 'धम्म' झालं. चित्र आधी थरथरलं, मग उभं राहिलं. काठाचा डाग गेला होता. ढोल वाजत होते. नऊवारीतल्या पोरी रांगेनं आत येत होत्या : लिंबोणी, डाळिंबी, अबोली, आणि त्यांच्यामागं, हिरव्याकडं न झुकलेली, जांभळ्याकडंही न गेलेली, साफ, सरळ चिंतामणी.

"ती बघा!" रुक्मिणीबाई ओरडल्या. "अहो, ती रांग!"

रांगेत सगळ्या पोरी सारख्या. तोच अंबाडा, तीच नथ. रुक्मिणीबाईंची नजर टोकाच्या एका पोरीवर गेली आणि तिथंच बसली. हीच. मानेवरनं हीच.

तेवढ्यात त्यांच्या डोक्यावरनं एक हात आला. दत्तोबा एका पायातल्या चपलेसकट माणसं ओलांडत पुढं आले होते. "ती! मधली! डावा पाय आधी टाकती बघ. लहानपनापासनं तसंच चालती ती." त्यांचं बोट काचेवर टेकलं. "हनीफभाऊ, बघून घ्या. आमची मालन हाय ती!"

त्यांचं बोट होतं ती पोरगी टोकाची नव्हती. रुक्मिणीबाईंचं तोंड उघडलं. रंगात त्या कुणाचं ऐकत नसत, नवऱ्याचं तर नाहीच. पण नवऱ्याचा असा भरून आलेला आवाज त्या पहिल्यांदा ऐकत होत्या. त्यांनी तोंड मिटलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "तीच."

रांग वळली, निघून गेली. पडद्यावर आता घोडे आले होते, तरी दत्तोबांचं बोट तिथंच होतं आणि मालन बालवाडीत कशी चालायची ते ते खोलीभर सांगत होते.

"दाजी," मुमताज म्हणाली, "तेवढं बोट काढा. काच आत्ताच पुसलीय."