सौ.ची कळ

"अगो बाय, म्हातारा मरून एकवीस वर्सं झाली, न तू मना सवाशीन केलीस?" बाळकुमच्या जनाबाईंनी नातीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ शेवंतीपुढे आपटलं. मागे त्यांचा मुलगा परशुराम घाम पुसत उभा होता. प्रूफ त्यानेच वाचून दाखवलं होतं.

कोपरीतल्या कुंडलिकशेठच्या छापखान्यात शेवंतीने एकोणीस वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. त्र्याण्णव साली कॉम्प्युटर आला, तेव्हा डिक्शनरी शेजारी घेऊन तिने त्याच्या कमांड वहीत उतरवून काढल्या. ही त्यावरची पहिली मोठी पत्रिका. कोळीवाड्याची पत्रिका म्हणजे अर्धं गाव; निमंत्रकांच्या शेवटच्या यादीत नुसत्या बायकाच एक्केचाळीस. शेठ म्हणाले होते, "बिनचूक दिलीस, तर खाली अक्षरजुळणी म्हणून तुझं नाव छापतो." शेवंतीचं नाव आजवर कशावरच छापलेलं नव्हतं, लग्नपत्रिकेवर तर नाहीच. तिने ते यादीखाली आधीच टाईप करून ठेवलं.

मग तिने एका कळीला काम शिकवलं: ओळीच्या सुरुवातीला जायचं, 'सौ.' लिहायचं, खाली उतरायचं. असं शेवटपर्यंत. चहा निवायच्या आत त्या कळीने गावातल्या सगळ्या विधवांचे नवरे उठवले.

"थांबा, एका कमांडचं काम आहे," शेवंती म्हणाली. सगळ्या 'सौ.'च्या जागी 'श्रीमती' आलं. प्रिंटर करकरला. परशुरामने नवं प्रूफ वाचलं आणि ओरडला, "अरे, आता माझी बायको श्रीमती? मी कोन हाय इथं, भूत?"

"बास!" शेठ कडाडले. "तुझं नाव काढतो, शेवंती."

जनाबाईंनी स्टूल ओढलं. "त्या डब्याला काय ठावं, कोनाचा हाय न कोनाचा गेला? वाच गो. मी सांगतंय."

"मनुबाई?"

"हाय. खोकतो, पन हाय."

"हौसाबाई?"

"गेला. भला मानूस होता."

"हेमा?"

जनाबाईंनी परशुरामकडे नीट बघून घेतलं. "हाय. लाव सौ."

अशा एक्केचाळीस जणी झाल्या. शेवंतीचा हात थांबला. खाली अजून एक ओळ होती. कळ तिच्यावरूनही फिरून गेली होती. तिने तीही वाचली: श्रीमती शेवंती घाग.

"ही कोन?"

"मी, आजी."

"तुजा हाय का गेला?"

"झालाच नाही."

जनाबाई म्हणाल्या, "मंग नुसता नाव राव दे. तेवरा बास हाय." मग शेठकडे वळून म्हणाल्या, "न तू हिचा नाव काढशील, तं पत्रिका ठान्यात दुसरीकडं छापीन."

शेठ चहा सांगायला बाहेर गेले.

शेवंतीने या वेळी कमांड दिली नाही. 'श्रीमती'चं एकेक अक्षर हाताने खोडलं. नाव सरकत सरकत ओळीच्या कडेला येऊन टेकलं.